वाचनालयाचा कॉम्प्युटर आणि अर्धवट राहणारं इन्स्टॉलेशन : प्रकल्प नोंदी, इंदूर

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

रामबागेतल्या आमच्या मराठी वाचनालयाचा एकुलता एक कॉम्प्युटर आजपासून माझ्याकडे. विंडोज १० काढून लिनक्स मिंट २२.२ (फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) घालायचं, ग्रंथयादी त्यावर आणायची आणि जुन्या अंकांचं थांबलेलं स्कॅनिंग पुन्हा सुरू करायचं. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबरला बंद झाले. मशीनचा प्रोसेसर आय३-३२२०, म्हणजे इंटेलची तिसरी पिढी. विंडोज ११ ला किमान आठवी लागते. नवीन मशीनचा विषय वाचनालयाच्या सभेत निघाला आणि तिथंच मिटला, कारण यंदा गळणाऱ्या छतावर खर्च झालाय.

आत एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम (चालू कामाचा डेटा धरणारी तात्पुरती मेमरी), ५०० जीबीची हार्ड डिस्क. रॅममधली एक मूळची, २०१३ ची. दुसरी एका सभासदाने जुलैत दिलेली.

ग्रंथपाल काकूंनी सांगितलेल्या तक्रारी: आठवड्यातून दोन-तीनदा विंडोज कोसळून निळा पडदा, दर वेळी वेगळा मजकूर. सप्टेंबरात एका दुरुस्तीवाल्याने विंडोज पुन्हा टाकायचा प्रयत्न केला, तो ०एक्स८००७०५७० या एररवर अडला. त्याचा अर्थ फाइल खराब आहे, वाचता येत नाही. त्याने "हार्ड डिस्क गई" असं निदान केलं. काकूंचं निदान वेगळं. "अगं, व्हायरसच असणार. पोरं कुठले कुठले पेनड्राइव्ह आणून लावतात."

आज फक्त बॅकअप घेतला. पेनड्राइव्हवरून मिंट थेट चालू केलं आणि डी ड्राइव्हवरचं सगळं माझ्या पोर्टेबल डिस्कवर उतरवलं. १,३१६ फाइली, ३८ जीबी. पाऊण तास लागला, एकही एरर नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दहाला पोहे खाऊन बसले, दुपारी तीनला हात टेकले.

पहिला प्रयत्न: फाइली कॉपी होताना निम्म्याच्या आसपास थांबला. दुसरा जवळजवळ शेवटपर्यंत गेला आणि थांबला. तिसरा सुरुवातीलाच. तिन्ही वेळा मजकूर एकच, एरर नंबर ५, इनपुट-आउटपुट एरर. खाली इन्स्टॉलर उपायही सुचवतो: सीडी पुसून बघा, कमी वेगाने बर्न करा, ड्राइव्हची लेन्स साफ करा, हार्ड डिस्क जुनी झाली का पाहा, मशीन थंड जागी हलवा.

सीडी इथं नाहीच. राहिल्या दोन गोष्टी, पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क. पेनड्राइव्ह बदलला (नवा १६ जीबी, ३५० रुपये). चौथा प्रयत्न, तोच एरर, आणखी वेगळ्या ठिकाणी. दुरुस्तीवाल्यानेही हार्ड डिस्कच म्हटलं होतं, म्हणून मीही तिथं पोचले.

८ नोव्हेंबर, शनिवार

२४० जीबीची एसएसडी घेतली, १,७५० रुपये. पैसे माझे, वाचनालय नंतर देईल. जुनी हार्ड डिस्क काढून काकूंच्या कपाटात ठेवली. ती तशीच ठेवायची बुद्धी झाली याचं आज काही वाटत नव्हतं.

नव्या एसएसडीवर पहिला प्रयत्न: अपयश. दुसरा: अपयश. आता पडद्यावर एररसोबत स्क्वॅशएफएसच्या ओळीही आल्या, डेटा उलगडता आला नाही, बहुधा खराब आहे अशा. स्क्वॅशएफएस म्हणजे ज्या दाबून बांधलेल्या गाठोड्यातून इन्स्टॉलर फाइली काढतो ते गाठोडं. तेव्हा डाउनलोडच बिघडलेला असणार असं वाटलं.

घरी येऊन जुन्या हार्ड डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पाहिली, ती लाइव्ह सत्रात आधीच काढून ठेवली होती. रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) शून्य, पेंडिंग सेक्टर (संशयित जागा) शून्य. डिस्क ठणठणीत. हे एसएसडी घेण्याआधी पाहायला हवं होतं, माहिती तर आठवडाभर माझ्याच वहीत होती.

९ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस वाया गेला, पण तो कसा गेला ते सविस्तर लिहिते. इथं कोणीही अडकेल.

मिंटच्या आयएसओ फाइलसोबत (इन्स्टॉलेशनची डाउनलोड केलेली अख्खी फाइल) तिचा एसएचए-२५६ चेकसम मिळतो, म्हणजे फाइलवरून काढलेली ६४ अक्षरांची खूण. फाइलमधला एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी ही ६४ अक्षरं पार बदलतात. आयएसओ दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन गेले, वाचनालयाच्या मशीनवर लाइव्ह मिंट चालू केलं आणि तिथंच चेकसम काढला. जुळला नाही. खात्री म्हणून पुन्हा काढला. पुन्हा तोच चुकीचा चेकसम, अक्षरन् अक्षर पहिल्यासारखा.

दोनदा एकच उत्तर आलं म्हणजे फाइलच खराब, असा निष्कर्ष काढला. घरी गेले, २.८ जीबीच्या आसपासची आयएसओ पुन्हा उतरवली, परत आले. पुन्हा चुकीचा. पेनड्राइव्ह तसाच उचलून घरी लॅपटॉपला लावला तर चेकसम बरोबर! जुन्या डाउनलोडचाही बरोबर.

रामबागेत तिसरी फेरी. मशीन बंद करून चालू केलं, चेकसम काढला. चुकीचा, पण सकाळच्यापेक्षा वेगळा. पुन्हा बंद-चालू, पुन्हा काढला. या वेळी चक्क बरोबर आला.

तेव्हा कुठं लक्षात आलं. लिनक्स एकदा वाचलेली फाइल मोकळ्या रॅममध्ये धरून ठेवतं. दुसऱ्यांदा चेकसम काढला तेव्हा पेनड्राइव्हकडे कोणी गेलंच नव्हतं, रॅममधल्या त्याच बिघडलेल्या प्रतीची बेरीज मी पुन्हा मांडत होते. दोन उत्तरं जुळली ती त्यामुळे. दर वेळी मशीन बंद करून चालू केलं असतं तर सकाळी अकरालाच समजलं असतं की फाइल तीच, पेनड्राइव्ह तोच आणि उत्तर मात्र बदलतंय. पेनड्राइव्हवरची खराब फाइल रोज एकसारखी खराब असते. जागा बदलत राहणारी खराबी वाटेत कुठेतरी होते, आणि सगळा डेटा ज्या वाटेने जातो ती वाट म्हणजे रॅम.

२ तारखेचे चार एरर चार वेगळ्या ठिकाणी आले होते. ते मी लिहूनही ठेवलं होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रॅम तपासायला मेमटेस्ट८६+ घेतलं, शेवटच्या अधिक चिन्हासकट. नुसतं मेमटेस्ट८६ हा वेगळा प्रोग्रॅम आहे. अधिक चिन्हाचा मुक्त स्रोत आहे आणि पूर्ण फुकट. पेनड्राइव्हवरून थेट सुरू होतो, विंडोज-लिनक्स काही लागत नाही. ते गरजेचंच आहे, कारण चालू सिस्टिमच्या आतून तपासलं तर सिस्टिम स्वतः बसलेली रॅम तपासली जात नाही.

त्याआधी कॅबिनेट उघडून दोन्ही रॅम काढल्या. स्लॉटमध्ये धुळीचा थर, ब्रशने झाडला. रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलक्या हाताने पुसले, कापडाने कोरडे केले, दोन्ही बाजूंच्या कड्या "टक" होईपर्यंत दाबून बसवल्या. मेमटेस्टची एक फेरी, सव्वा तास, शून्य एरर.

धूळच होती तर! मिंट इन्स्टॉल केलं, पहिल्याच झटक्यात पूर्ण. काकूंनी लगेच कोपऱ्यावरून कचोऱ्या मागवल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

आनंद एक रात्र टिकला. सकाळी अपडेट चालवले. साठेक पॅकेजं नीट बसली आणि एकावर अडलं: दाबलेला डेटा खराब आहे. तेच पॅकेज पुन्हा उतरवलं, बसलं. मग लिब्रेऑफिसचा मराठी भाषासंच, तोही त्याच मजकुरावर अडला. मध्येच एक हॅश सम मिसमॅच, म्हणजे उतरवलेल्या फाइलचा चेकसम जुळला नाही. नेटचा दोष म्हणावा तर माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही तेच.

कालचं इन्स्टॉलेशन पूर्ण झालं म्हणून ते बरोबर झालं असं धरलं, ती चूक. इन्स्टॉलर शेवटपर्यंत पोचला एवढंच त्याने सिद्ध झालं. डिस्कवर लिहिलेली प्रत्येक फाइल शाबूत आहे याची हमी त्याच्याकडे नसते. कालच्या सिस्टिमवरच्या कुठल्या फाइलमध्ये काय बिघडलंय हे आता सांगता येणार नाही.

मेमटेस्टची एकच फेरी पुरेशी मानली, ही दुसरी. पहिली फेरी मुळात घाईची असते, तिच्यात आवर्तनं कमी ठेवलेली असतात, म्हणजे ढोबळ दोष लवकर दिसावा. बारीक दोष पुढच्या फेऱ्यांत सापडतात. मशीन तासन् तास चालून तापल्यावर जास्तच.

काकूंची परवानगी काढून मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवून आले. वरचा पंखा बंद, मॉनिटर चालू, शेजारी चिठ्ठी: "हात लावू नये, काम चालू आहे."

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी साडेआठला काकूंचा व्हॉट्सॲपवर फोटो. खालचा अर्धा पडदा लाल. "हे चांगलं की वाईट?" असं विचारलं होतं.

९ फेऱ्या, २१४ एरर. पहिला एरर दुसऱ्या फेरीत.

फोटो मोठा करून पाहिला. प्रत्येक ओळीत पत्ता, तिथं काय असायला हवं होतं आणि काय सापडलं. हवं होतं सगळं एफ, सापडलं त्यात एक बी. पुढच्या ओळीत तेच. त्याच्या पुढच्या ओळीतही, तिसऱ्या जागी तोच बी. ही हेक्साडेसिमल अक्षरं, एकेक अक्षर चार बिटांचं: एफ म्हणजे ११११, बी म्हणजे १०११. चारांतला एकच बिट, एक लिहिला तरी शून्य वाचला जातोय. पत्तेही सगळे एकमेकांच्या जवळचे. आठ जीबीत एका अरुंद पट्ट्यातला एक बिट, आणि त्याने पंधरा दिवस इन्स्टॉलेशन होऊ दिलं नाही. इन्स्टॉलर ज्या वेळी त्या पट्ट्यात काही ठेवेल त्या वेळी अडेल, नाही ठेवलं तर सुटेल. वेगवेगळ्या ठिकाणी अडण्याचं कारण तेच.

काकूंना उत्तर पाठवलं: "चांगलं आहे. सापडलं."

२२ नोव्हेंबर, शनिवार

आता दोन्हींपैकी कुठली रॅम आणि रॅम की स्लॉट, ते ठरवायचं. नुसत्या पत्त्यावरून कळत नाही. दोन रॅम जोडीने चालतात तेव्हा मेमरी कंट्रोलर (रॅमची ने-आण सांभाळणारा भाग) डेटा दोन्हींत आळीपाळीने वाटतो, त्यामुळे "वरचा अर्धा भाग म्हणजे दुसरी रॅम" हा हिशोब लागू पडत नाही. एकेक लावून पाहण्याला पर्याय नाही.

माझा संशय जुलैत आलेल्या रॅमवर. काकूंचाही. त्या सभासदाला विचारायचं कसं यावर आमचं बोलणंही झालं.

दान मिळालेली रॅम एकटी, पहिल्या स्लॉटमध्ये: तीन फेऱ्या, शून्य एरर. दुसऱ्या स्लॉटमध्ये: तीन फेऱ्या, शून्य. मूळची रॅम एकटी, पहिल्या स्लॉटमध्ये: दुसऱ्या फेरीत एरर. दुसऱ्या स्लॉटमध्ये: पुन्हा दुसऱ्या फेरीत एरर, तोच बिट. स्लॉट ठीक, मदरबोर्ड ठीक, खराब आहे ती वाचनालयाची स्वतःची २०१३ ची रॅम. त्या सभासदाला आपण विचारलं नाही ही मोठी गोष्ट झाली. काकूंनी संध्याकाळी त्यांना फोन करून रॅमबद्दल पुन्हा एकदा आभार मानले.

याला सगळा दिवस गेला, सकाळी नऊ ते रात्री आठ. एकेका फेरीला चाळीसेक मिनिटं. लावून ठेवायचं आणि दुसरं काम करायचं, पर्याय नाही. मी दोन कपाटांमधली पुस्तकं विषयवार लावली.

एक पर्याय होता. लिनक्सला सुरू होताना सांगता येतं की अमुक पत्त्याची रॅम वापरू नकोस. खराब पट्टा अरुंद आहे, तेवढा वगळून बाकीची चालवता आली असती आणि खर्च शून्य. मी ते केलं नाही. रात्रभरात एरर वाढत गेले होते. आज एक बिट आहे, शेजारचा कधी जाईल माहीत नाही, आणि जाईल तेव्हा मशीन सांगणार नाही. खेळ खेळायच्या मशीनवर चालेल. ज्या मशीनवर स्कॅनची एकमेव प्रत ठेवायची त्यावर नाही.

खराब रॅमवर लाल स्केच पेनने फुली मारली आणि ती पिशवीत वेगळी ठेवली. दोन्ही दिसायला सारख्याच आहेत.

२३ नोव्हेंबर, रविवार

पहाटे जाग आली ती एकाच विचाराने. १ तारखेचा बॅकअप मी त्याच मशीनवर, त्याच रॅममधून घेतला होता.

प्रत्येक फाइल हार्ड डिस्कवरून रॅममध्ये आली आणि रॅममधून माझ्या पोर्टेबल डिस्कवर गेली. कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमला काहीही चुकलेलं दिसत नाही. जे रॅममध्ये आहे ते तो इमानाने लिहितो. एरर नाही म्हणून मी निर्धास्त होते. जुनी हार्ड डिस्क पुसलेली नव्हती एवढंच काय ते नशीब. तिच्यावरच मिंट घालणार होते मी, चार वेळा तसा प्रयत्नही केला होता! तेव्हा मी विंडोजचा सी विभाग निवडला होता, डी तसाच राहिला. पूर्ण डिस्क पुसायचा पर्याय निवडला असता तर मूळ प्रती गेल्या होत्या.

सकाळी साटा-यूएसबी केबल आणली (हार्ड डिस्क यूएसबीला जोडायची, ३५० रुपये) आणि कपाटातली हार्ड डिस्क थेट माझ्या लॅपटॉपला लावली. मूळ फाइली आणि १ तारखेची कॉपी, दोन्हींचे चेकसम काढून तुलना केली. १,३१६ पैकी ११ वेगळ्या.

अकरा म्हणजे कमीच, असं कोणी म्हणेल. त्यातली एक ग्रंथयादीची फाइल होती. ती उघडत होती, दिसायला नीट होती. जुन्या फाँटातली यादी, काकूंनी सहा वर्षं संध्याकाळी बसून भरलेली. कुठल्या तरी पुस्तकाचा क्रमांक किंवा नावातलं अक्षर बदललं असतं आणि ते कधीही कोणाच्या लक्षात आलं नसतं. बाकीच्या दहा फाइली स्कॅनच्या.

नवा बॅकअप लॅपटॉपवरून घेतला, सगळ्या १,३१६ चे चेकसम मूळाशी जुळवले, आणि चेकसमची यादी बॅकअपसोबत ठेवली. १ तारखेची कॉपी पुसली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

ऑनलाइन मागवलेली ८ जीबी डीडीआर३ रॅम आली, ८९९ रुपये. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर रामबागेत जाऊन लावली. पडदा काळा. लांब बीप, थांबून पुन्हा लांब बीप. दोन्ही स्लॉटमध्ये तेच. दान मिळालेली रॅम लावली की मशीन लगेच सुरू.

परत पाठवायची विनंती टाकली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेले. पहिल्याच दुकानात काउंटरवर ती ऑनलाइन मागवलेली, न चाललेली रॅम ठेवली. दुकानदाराने ती उजेडात धरली, दोन्ही बाजूंच्या चिपा पाहिल्या आणि म्हणाला, "ये तो एएमडी वाली है, मैडम. इंटेल पे नहीं उठेगी."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबीच्या काही डीडीआर३ रॅमवरच्या चिपांची रचना अशी असते की ती फक्त एएमडीच्या ठरावीक मदरबोर्डांवर चालते. इंटेलचा मेमरी कंट्रोलर ती ओळखत नाही. रॅम खराब नसते, पण इथं चालत नाही. मी मागवली त्या पानावर सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत ते लिहिलेलंही होतं. घरी येऊन पाहिलं. डीडीआर३ घेताना "इंटेलवर चालते ना" हे विचारून, शक्य तर दुकानातच लावून घ्या.

त्याने तीन वापरलेल्या ४ जीबीच्या रॅम काढल्या. मी माझा मेमटेस्टचा पेनड्राइव्ह पुढे केला आणि त्यातली एक त्याच्या मशीनवर लावून मागितली. आधी तो जरा थबकला, मग म्हणाला, "लगा लो, अपने को भी पता चल जाएगा." पाऊण तास थांबले. तो पोऱ्याला चहा आणायला पाठवून माझ्याशी बोलत राहिला. रॅमचे भाव सगळीकडे चढलेत, त्यामुळे जुन्या डीडीआर३ लाही एकदम गिऱ्हाईक आलंय, असं त्याचं म्हणणं. एक फेरी शून्य एररवर पूर्ण झाली. ६०० रुपये, पंधरा दिवसांत काही निघालं तर बदलून, तसं बिलावर त्याने हाताने लिहून दिलं.

संध्याकाळी दोन्ही चांगल्या रॅम वाचनालयात जोडीने लावल्या. मदरबोर्डवरच्या सेटिंगमध्ये कोणी काही वेग वाढवून ठेवलाय का तेही पाहिलं, सगळं मूळ स्थितीत केलं. मेमटेस्ट रात्रभर.

३० नोव्हेंबर, रविवार

१० फेऱ्या, शून्य एरर. हिरव्या अक्षरांतला "पास" काकूंनी आधी पाहिला आणि फोटो काढून मला पाठवला.

१५ तारखेचं इन्स्टॉलेशन दुरुस्त करत बसले नाही. त्यातलं काय बिघडलंय ते एकेक शोधण्यापेक्षा एसएसडी पूर्ण पुसून नव्याने घालणं अर्ध्या तासाचं काम. पेनड्राइव्हही लॅपटॉपवर नव्याने तयार केला. आधी चेकसम: मशीन बंद-चालू करत तीनदा काढला, तिन्ही वेळा बरोबर. मग इन्स्टॉलेशन. सतरा मिनिटांत पूर्ण, कुठेही अडलं नाही. सगळे अपडेट बसले, लिब्रेऑफिसचा मराठी भाषासंच बसला, इनस्क्रिप्ट कळफलक बसला. स्कॅनर ओळखला गेला.

२ नोव्हेंबरपासून अडलेलं काम सतरा मिनिटांचं होतं.

६ डिसेंबर, शनिवार

मशीन काकूंच्या हवाली केलं. बॅकअपवरून सगळ्या फाइली आणल्या, चेकसम पुन्हा जुळवले, सगळे जुळले. ऑनलाइनवाल्यांनी ८९९ परत केले. खर्च वाचनालयाच्या वहीत लिहिला: एसएसडी १,७५०, रॅम ६००, केबल ३५०, पेनड्राइव्ह ३५०. एसएसडी आणि पेनड्राइव्हची या दुरुस्तीला गरज नव्हती, तेही शेजारी लिहिलं. एसएसडीमुळे मशीन झपकन सुरू होतं हे खरं, आणि काकूंना ते आवडलंय. पण निदान चुकलं म्हणून ती घेतली गेली.

एक काम उरलं. मूळ हार्ड डिस्कवरच्या फाइली आपण बरोबर धरल्या, पण त्याही याच मशीनवर स्कॅन होऊन याच रॅममधून गेल्या होत्या. ती रॅम कधीपासून बिघडली? चेकसम इथं उपयोगाचा नाही, कारण मूळच बिघडलेलं असेल तर तुलना करायला काही नाही. डोळ्यांनी पाहणं एवढाच मार्ग.

काकू आणि मी शेजारी बसलो आणि अलीकडच्या स्कॅनपासून मागे मागे जात एकेक पान उघडत गेलो. २०४ पानं पाहिली. जेपीजीमधला एखादा बिट पलटला की तिथून खालचं चित्र बिघडतं. दोन पानांवर ते दिसलं. एका पानावर वरचा लेख स्वच्छ, काळी अक्षरं, पिवळटलेला कागद, आणि मध्यावर एका ओळीच्या निम्म्यातून खाली सगळं हिरवट, अक्षरं बोटभर उजवीकडे सरकलेली, ओळी एकमेकींत घुसलेल्या. दुसऱ्यावर खालचा पाव भाग राखाडी. पहिलं ९ ऑगस्टला स्कॅन केलेलं, दुसरं २१ ऑगस्टला. ऑगस्टच्या आधीची सगळी पाहून झाली नाहीत, जुलैची पाहिली ती नीट आहेत.

दोन्ही पानं एकाच दिवाळी अंकातली. अंक कपाटात आहे, कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना कडेचे तुकडे गळतात. काकूंनी तो काढून टेबलावर ठेवला, वर जाड पुठ्ठा ठेवला. पुढच्या शनिवारी ती दोन पानं पुन्हा स्कॅन करायची, दर पान दोनदा, आणि उरलेली जूनपर्यंतची पानं बघून संपवायची.

खराब रॅम पिशवीसकट माझ्या टेबलाच्या खणात आहे. काकू म्हणाल्या, "ती परत इथं आणू नकोस गं."